सरकारी जहाज, सावकारी चांदी

समुद्री चाच्यांचा सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास घोळत असतो. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी हजारो मैलांचा समुद्र ओलांडून जायची, ती नेमकी कुणाच्या भरवशावर? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा बेरकी. ज्याच्या जहाजात एवढी चांदी, त्या कप्तानाला त्यातलं काही सुटायचं का?

सुटायचं. आणि चोरून नव्हे, रीतसर सही करून. ब्रिटिश आरमारात या कमाईला ‘फ्रेट मनी’ म्हणत, म्हणजे भाडं. जहाज राजाचं, तोफा राजाच्या, खलाशांचा पगार राजाच्या तिजोरीतला. चांदी मात्र व्यापाऱ्याची, आणि तिच्या वाहतुकीचं भाडं कप्तानाच्या खिशात! आज हे ऐकून भुवया उंचावतात. त्या काळच्या कायद्याला मात्र यात वावगं काही दिसत नव्हतं.

१. आंगडिया, पण तोफांसह

मुंबई-सुरतेच्या हिरेबाजारात आंगडिया कोण हे सांगावं लागत नाही. लाखोंचा माल कमरेला बांधून तो रात्रीच्या गाडीत बसतो, सकाळी पोचता करतो आणि मालाच्या किमतीवर ठरलेली दस्तुरी घेतो. सगळा धंदा विश्वासावर. आता कल्पना करा, हेच काम पोलिसांच्या गाडीचा अधिकारी वर्दीत, सरकारी डिझेलवर करतो आहे, दस्तुरी स्वतः ठेवतो आहे आणि सरकारची त्याला परवानगी आहे. फ्रेट मनी म्हणजे साधारण हेच.

व्यापारी लढाऊ जहाजाकडे का वळत, हे समजायला सोपं आहे. मालवाहू गलबतावर माणसं थोडी आणि तोफा नावाला. युद्धाच्या दिवसांत शत्रूची जहाजं टपलेली असत आणि शांततेच्या दिवसांत चाचे. फ्रिगेट जातीच्या लढाऊ जहाजावर मात्र तीस-चाळीस तोफा आणि दोन-अडीचशे शिस्तीतली माणसं असत. शिवाय एक फायदा असा होता की तो उघडपणे कुणी बोलून दाखवत नसे. परक्या राजाच्या लढाऊ जहाजावर चढून झडती घेण्याचा अधिकार बंदरातल्या जकातदाराला नव्हता. मेक्सिकोत चांदीच्या लगडी देशाबाहेर न्यायला बंदी होती, नाण्यांवर जकात होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या सान ब्लास आणि माझात्लान या बंदरांत इंग्रजी लढाऊ जहाज नांगर टाकून उभं राहिलं की व्यापाऱ्यांना ते फार सुरक्षित वाटे, त्यामागे हेही एक कारण होतं.

२. ‘प्लेट’ म्हणजे ताटली नव्हे

जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या व्यवहाराला ‘प्लेट’ वाहून नेणं असं म्हटलेलं आढळतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जेवणाच्या ताटल्या येतात, पण हा शब्द स्पॅनिश ‘प्लाता’वरून आलेला आहे. प्लाता म्हणजे चांदी. दक्षिण अमेरिकेतल्या ‘रिओ दे ला प्लाता’ या नदीच्या नावात तीच चांदी आहे.

सतराव्या शतकात इंग्रज कप्तान नुसती चांदीच नव्हे, मिळेल तो माल भरत. आरमाराचे सचिव सॅम्युअल पेपीस यांना या प्रकाराची विलक्षण चीड होती. १६८३ मध्ये ते मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या टँजिअरला गेले, तेव्हा भूमध्य समुद्रातल्या तुकडीचे कप्तान काय करतात हे त्यांनी जवळून पाहिलं. चाच्यांचा पाठलाग करायला पाठवलेली जहाजं कादिझसारख्या बंदरात व्यापाऱ्यांच्या चांदीची वाट बघत रेंगाळत होती. अशा फायदेशीर खेपेला कप्तान लोक ‘गुड व्हॉयेज’ म्हणत, म्हणजे चांगली सफर. चांगली कुणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

पेपीस यांच्या पुढाकाराने १६८६ च्या जुलैत राजा दुसरा जेम्स याने नियम काढला की राजाच्या लेखी परवानगीखेरीज कुणाची चांदी जहाजावर घ्यायची नाही. बदल्यात कप्तानांना जेवणाखाण्याच्या खर्चासाठी वेगळा भत्ता मिळू लागला. वरकड कमाई बंद करायची तर मूळ पगार पुरेल एवढा हवा, हे पेपीस यांना कळत होतं. नियम मात्र फार काळ टिकला नाही. दोनच वर्षांत जेम्सला देश सोडून पळावं लागलं, पेपीसही पदावरून गेले आणि चांदी पुन्हा जहाजांवर चढू लागली.

मग संसदेने मधला मार्ग काढला. १७४९ च्या आरमारी कायद्याच्या अठराव्या कलमाने कप्तानांना कुठलाही व्यापारी माल जहाजावर घ्यायला मनाई केली. तसा माल घेणाऱ्याला नोकरीतून बडतर्फ करायचं होतं. अपवाद मोजके ठेवले. बुडत्या किंवा फुटलेल्या जहाजावरचा माल वाचवण्यासाठी घेतला तर चालेल. आणि तीन वस्तू नेहमीच चालतील, सोनं, चांदी आणि जवाहीर. साखरेची पोती नकोत, कारण ती जागा अडवतात आणि तोफांच्या आड येतात. चांदीच्या पेट्या तळाशी ठेवल्या तर लढाईला अडचण होत नाही. कायद्याचा तर्क इतका साधा होता. त्या तीन शब्दांनी पुढे काय काय घडवलं ते पाहण्याआधी एक गोंधळ दूर केलेला बरा.

३. तीन वेगळ्या थैल्या

आरमारी माणसाला पगाराखेरीज तीन वाटांनी पैसा मिळू शकत असे. वाचक हे तिन्ही पैसे नेहमी एकत्र कालवतात.

पहिला लुटीचा. शत्रूचं जहाज किंवा ठाणं जिंकलं की त्याची किंमत ठरलेल्या वाट्यांनी सगळ्यांत विभागली जाई. मराठी वाचकाला याचं घरचं उदाहरण ठाऊक आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला. मोहिमेवर निघण्यापूर्वीच वॉटसन, क्लाइव्ह आणि इतर इंग्रज अधिकारी मुंबईत बसून कुणाचा वाटा किती यावर घासाघीस करत होते. सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज हाती लागला तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. सोबत आलेल्या पेशव्यांच्या फौजेला त्यातलं काही मिळालं नाही. लुटीत खलाशालाही वाटा असे, हे इथे लक्षात ठेवायचं. १७९९ मध्ये चार इंग्रजी फ्रिगेटांनी ‘थेटिस’ आणि ‘सांता ब्रिगिदा’ ही दोन स्पॅनिश खजिन्याची जहाजं पकडली, तेव्हा प्रत्येक कप्तानाला ४०,७३० पौंड मिळाले आणि साध्या खलाशाला १८२. तफावत प्रचंड होती, पण एवढी रक्कम मिळवायला त्या खलाशाला एरवी दहा वर्षं राबावं लागलं असतं.

दुसरा पैसा बुडीत माल वर काढण्याचा. समुद्रात गेलेला ऐवज जो वाचवील त्याला न्यायालय त्या ऐवजातून बक्षीस देई. त्यातही माणसांना वाटा असे.

तिसरा आपला, भाड्याचा. इथे वाटणी वरच्या वरच होई. पेट्या खांद्यावर वाहणारे, तळघरात रचणारे, रात्रंदिवस पहारा देणारे खलाशी आणि सैनिक यांच्या हाती एक पेनीही येत नसे.

४. एका खेपेचा हिशोब

आकडे मांडल्याशिवाय या मोहाचा अंदाज येत नाही. त्या काळी समुद्रावर चालणारं नाणं म्हणजे स्पॅनिश डॉलर, आपल्याकडच्या जुन्या व्यवहारातला रियाल. वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. किंमत धरू या साडेचार शिलिंग.

एका कप्तानाने दहा लाख डॉलर भरले असं समजा. वजन २७ टन. किंमत २,२५,००० पौंड. दर मालकाप्रमाणे, अंतराप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत. सरकारी खजिन्याला कमी, व्यापाऱ्याच्या मालाला जास्त. हिशोबासाठी शेकडा दोन धरला, तर भाडं होतं ४,५०० पौंड. १८१९ मध्ये संसदेने कायदा करून दर आणि वाटणी ठरवण्याचा अधिकार राजाकडे दिला. त्यानंतरच्या वाटणीत निम्मं कप्तानाला, एक चतुर्थांश त्याच्या वरच्या ॲडमिरलला आणि एक चतुर्थांश ग्रिनिचच्या रुग्णालयाला मिळू लागलं. म्हणजे कप्तानाला २,२५० पौंड. लहान फ्रिगेटच्या कप्तानाचा पगार तेव्हा वर्षाला दोन-तीनशे पौंडांच्या घरात होता. एका खेपेत निदान सात-आठ वर्षांचा पगार!

ग्रिनिचचं रुग्णालय म्हणजे थकलेल्या, जायबंदी खलाशांचं आश्रयस्थान. खलाशाला भाड्यातलं काही मिळालंच तर ते असं, हातपाय गमावल्यानंतर आणि तेही आडवाटेने.

एक गोष्ट कप्तानाच्या बाजूनेही नोंदवायला हवी. माल मिळाल्याच्या पावतीवर तो स्वतः सही करे आणि पेटी कमी भरली तर व्यापारी त्यालाच धरे. आपल्याकडे पूर्वी जोखमी हुंडी चाले. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची, बुडाला तर नाही. कप्तानाचं भाडंही त्याच जातीचं होतं. पैसा पोचत्या मालाचा.

५. ‘ल्युटीन’: अर्ज आला, जहाज गेलं

ऑक्टोबर १७९९. जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात पेढ्या एकामागून एक कोसळत होत्या. लंडनच्या व्यापाऱ्यांना तिथली पत सावरायला तातडीने सोनं-चांदी पाठवायची होती. टपालाचं जहाज उपलब्ध नव्हतं. म्हणून त्यांनी यारमथला ॲडमिरल डंकन यांच्याकडे अर्ज केला, की राजाचं एखादं जहाज द्या. डंकन यांनी ‘ल्युटीन’ दिलं. मूळचं हे फ्रेंच जहाज १७९३ मध्ये तुलाँ बंदरात इंग्रजांच्या हाती आलेलं. कप्तान लॅन्सलॉट स्किनर ९ ऑक्टोबरला निघाले आणि त्याच रात्री वादळी वाऱ्याने जहाज हॉलंडच्या व्हलीलँड आणि टेरस्केलिंग बेटांजवळच्या वाळूवर फेकलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. कप्तानही गेले.

ऐवजाचा विमा लंडनच्या लॉइड्सच्या विमेदारांनी उतरवला होता. त्यांनी भरपाई चुकती केली आणि त्यांची पत वाढली. बहुतेक सोनं अजून वाळूतच आहे. १८५८ मध्ये वर निघाली ती जहाजाची घंटा. लॉइड्सच्या दालनात ती टांगली गेली. जहाज बुडाल्याची बातमी आली की एक ठोका, बेपत्ता जहाज परतलं की दोन, असा तिचा रिवाज पडला.

यात कुणी लबाडी केली नव्हती. व्यापाऱ्यांची निकड खरी होती, ॲडमिरलचा हुकूमही रीतसर होता. तरीही युद्ध ऐन भरात असताना फ्रिगेट कुठे जाणार हे त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या अर्जाने ठरलं.

६. ॲडमिरलचा तिसरा हिस्सा

१८१९ च्या आधी रिवाज असा होता की भाड्यातला एक तृतीयांश कप्तानाने आपल्या ॲडमिरलला द्यायचा. का, तर सगळेच देत आले म्हणून. १८०८ मध्ये ‘अरेथ्युझा’चे कप्तान चार्ल्स ब्रिस्बेन यांनी जमैकाहून मोठा खजिना इंग्लंडला नेला आणि रिवाजाप्रमाणे ॲडमिरल डॅक्रस यांचा वाटा पोचवला. पुढे त्यांना कळलं, की कायद्यात असा हक्कच नाही! तोवर डॅक्रस वारले होते. ब्रिस्बेननी त्यांच्या वारसावर दावा लावला.

१८१३ मध्ये निकाल लागला. ब्रिस्बेन हरले. न्यायालय म्हणालं, वस्तुस्थिती तुम्हाला पूर्ण ठाऊक होती, चुकलात ते कायदा समजण्यात, आणि अशा चुकीने दिलेला पैसा परत मागता येत नाही. मुख्य न्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी व्यवहारी मुद्दाही मांडला. पैसा हाती आला की माणूस आपलं राहणीमान वाढवतो, ती रक्कम खर्चून मोकळा होतो, मग वर्षांनी परत मागणं अन्याय ठरेल. चारांपैकी एका न्यायाधीशाचं मत मात्र वेगळं पडलं.

चांदीच्या भाड्यावरून निघालेलं हे भांडण इंग्लंडच्या वकिलांनी पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षं उगाळलं. हा नियम तिथे अखेर १९९८ मध्ये मोडला. भारतात त्याची पीडा आधीच टळली. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ चुकून दिलेला पैसा परत करायला सांगतं, आणि त्या चुकीत कायद्याची चूकही येते असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपिलाच्या न्यायपीठाने १९४९ मध्ये स्पष्ट केलं. ब्रिस्बेन यांनी मुंबईत दावा लावला असता, आणि तोही दीडशे वर्षं उशिरा, तर कदाचित जिंकले असते.

७. कप्तान गॉर्डन घरी निघून जातात

या व्यवस्थेतला खरा धोका १८४५ मध्ये उघडा पडला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ऑरेगॉन प्रदेश कुणाचा, यावरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात लढाई जुंपते की काय अशी वेळ आली होती. ब्रिटनच्या पॅसिफिक तुकडीत ५० तोफांचं ‘अमेरिका’ नावाचं जहाज होतं. (अमेरिकेला धाक घालायला ‘अमेरिका’!) त्याचे कप्तान जॉन गॉर्डन हे परराष्ट्रमंत्री लॉर्ड अबर्डीन यांचे सख्खे भाऊ. जहाजावर लेफ्टनंट विल्यम पील होते, ते पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिरंजीव. हेच पील पुढे १८५७-५८ मध्ये लखनौच्या लढाईत आपल्या जहाजावरच्या तोफा घेऊन उतरले आणि देवी येऊन कानपूरला वारले. तर एका बाजूला मंत्र्याचा भाऊ, दुसऱ्या बाजूला पंतप्रधानांचा मुलगा. सरकारला या किनाऱ्याची काळजी किती होती, याचा आणखी पुरावा नको.

पील यांनी ऑरेगॉनची पाहणी केली. गॉर्डन यांना मात्र तो मुलूख मुळीच आवडला नाही. तिथले मासे गळाला ज्या रीतीने लागायला हवेत तसे लागत नाहीत म्हणून या स्कॉटिश गृहस्थाने सबंध प्रदेश निकामी ठरवला, अशी दंतकथा तिकडे अजून सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी पुढची गोष्ट नोंदलेली आहे. ‘अमेरिका’ दक्षिणेला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आलं, व्यापाऱ्यांची चांदी चढली, आणि गॉर्डन यांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता थेट इंग्लंडचा रस्ता धरला. तुकडीचे प्रमुख ॲडमिरल सीमोर यांच्या हाताशी ऐन तणावात असलेलं एक मोठं जहाज असं अचानक नाहीसं झालं.

ऑगस्ट १८४६ मध्ये पोर्ट्समथला गॉर्डन यांच्यावर आरमारी न्यायालयात खटला चालला आणि त्यांना कडक समज देण्यात आली. तोवर सीमेचा तंटा जूनमधल्या तहाने मिटलेला होता, हे त्यांचं नशीब. लढाई पेटली असती तर समजेवर भागलं नसतं.

हे एकट्या ब्रिटनचं दुखणं होतं असंही नाही. अमेरिकेच्या आरमारी कायद्यातही सोनं, चांदी, जवाहीर यांची तशीच सूट होती. १८१८ ते १८२१ या काळात ‘मॅसेडोनियन’चे कप्तान जॉन डाउन्स यांनी चिली-पेरूच्या किनाऱ्यावर आपलं जहाज जवळजवळ तरंगती पेढी म्हणून चालवलं. स्वातंत्र्ययुद्धाने होरपळलेल्या त्या बंदरांत व्यापाऱ्याला पैसा ठेवायला त्याहून भक्कम तिजोरी मिळणार तरी कुठे?

८. ‘थेटिस’ आणि पाण्याखालची चांदी

पूर्वी स्पॅनिश ‘थेटिस’ येऊन गेलं, हे दुसरं, इंग्रजी. ४ डिसेंबर १८३० ला फ्रिगेट ‘थेटिस’ सुमारे ८,१०,००० डॉलरचा ऐवज घेऊन रिओ दी जानेरोहून निघालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाट धुक्यात, चांगल्या वेगात असताना, ते केप फ्रिओच्या उभ्या कड्यावर आदळलं. आघात आधी नाळेवरच्या पुढे आलेल्या लांब दांड्याला बसला, डोलकाठ्या कोसळल्या आणि जहाज एका लहानशा खाडीत जाऊन बुडालं. वीसहून अधिक माणसं मेली.

चांदी गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. ‘लाइटनिंग’ या छोट्या जहाजाचे कप्तान थॉमस डिकिन्सन यांनी ते मानलं नाही. त्यांच्याकडे पाणबुड्यांची साधनं नव्हती. मग त्यांनी दुसऱ्या जहाजावरच्या पाणी साठवायच्या लोखंडी टाक्या घेऊन बुडीची घंटा तयार केली. उपडा पेला पाण्यात दाबला की आत हवा कोंडून राहते, तसं हे साधन. माणूस आत बसतो, वरून पंपाने हवा सोडतात. ती घंटा खाडीच्या मध्यावर लोंबकळवायला फुटक्या जहाजाच्या लाकडांचे तुकडे जोडून १५८ फूट लांबीचा बाहू उभारला. वादळाने तो मोडला, तेव्हा दुसरी युक्ती केली. एका वर्षाहून जास्त काळ खलाशी त्या थंड, खवळत्या पाण्यात उतरत राहिले. डिकिन्सन यांच्यानंतर ‘अल्जेरीन’च्या लोकांनी काम पुढे नेलं आणि बहुतेक सगळा ऐवज वर आला.

मग नेहमीप्रमाणे वाद. बक्षीस किती, कुणाचं, ॲडमिरलला किती. डिकिन्सन यांना पहिला निवाडा तुटपुंजा वाटला. ते प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि तिथे रक्कम वाढवून मिळाली.

या खटल्यात एक गंमत दडलेली आहे. ती चांदी शत्रूकडून जिंकली असती तर खलाशाला लुटीतला वाटा होता. बुडाली आणि त्याने वर काढली, तर बक्षिसातला वाटा होता आणि ‘लाइटनिंग’च्या लोकांना तो मिळाला. ‘थेटिस’ धुक्यातून सावरून पोर्ट्समथला सुखरूप पोचलं असतं, तर मात्र त्यावरच्या खलाशांना काहीही मिळालं नसतं.

१८४० नंतर पॅसिफिक आणि कॅरिबियन समुद्रात नियमित आगबोटी सुरू झाल्या. त्यांचं वेळापत्रक ठरलेलं, तिजोऱ्या पक्क्या, आणि चांदीसाठी कुणाला बंदरात ताटकळावं लागत नसे. व्यापारी हळूहळू तिकडे सरकले. भाड्याचे दर आणि वाटे मात्र एकोणिसावं शतक संपत आलं तरी ब्रिटिश आरमाराच्या नियमपुस्तकात छापले जात होते.